जुन्नरी कागद: आजोबांच्या आजोबांचा कागद टिकला, बाबांची वही का गेली?

रविवारची सकाळ आहे, चहाचा कप हातात असेल, आणि चँडलरमध्ये असाल तर बाहेर ऊन चढायच्या आत ऐकायला बसला असाल. आज मी तुम्हाला एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. सुरुवात मात्र तुमच्या गॅरेजपासून करते.

आपल्या इकडच्या घरांना तळघर नसतं. त्यामुळे भारतातून आणलेलं, टाकवत नाही आणि वापरातही नाही, असं सगळं सामान गॅरेजमधल्या फळीवर जातं. त्यात एक खोका कागदांचा असतोच. आजोबांची पत्रं, आईच्या हातची पाककृतींची वही, लग्नपत्रिका, एखादा जुना दिवाळी अंक, वर्तमानपत्रातलं कात्रण. जून-जुलैमध्ये बाहेर ११० अंश फॅरनहाइटच्या वर पारा गेला की त्या बंद गॅरेजमध्ये काय होत असेल, याचा विचार आपण करत नाही. मीही केला नव्हता. तो करायला लावला जुन्नरच्या माझ्या आत्यानं.

गेल्या डिसेंबरात मी जुन्नरला गेले होते. जुनं घर आवरायचं होतं. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात वर माझ्या बाबांची १९६१ सालची कॉलेजची वही होती आणि तळाशी लाल कापडात गुंडाळलेले काही मोडी कागद. बाबांचं अक्षर दिसलं म्हणून मी घाईनं वही उघडली, तर पानाचा कोपरा पापडासारखा मोडून माझ्या हातात आला. मी घाबरून मोडी कागदांना हात लावायचंच टाळलं. आत्या म्हणाली, "अगं, तो काही व्हायचा नाही. खुशाल उलगड. तू त्या वहीला जप."

आणि खरंच, तो कागद घडीतून अलगद उघडला. रंग मधासारखा झालेला, पण कापडासारखा लवचीक. शाई काळीभोर. मी त्याचा फोटो पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना दाखवला. ते म्हणाले, शके १७३२. शके सनात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे साल १८१०. बाजीराव दुसरे पेशवे होते तेव्हाचा. मजकूर काही फार मोठा नव्हता. दोन भावांमध्ये आंब्याच्या झाडांची वाटणी केली होती. पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद धडधाकट, आणि साठ वर्षांपूर्वीची वही मोडीत. हे असं उलटं कसं?

त्याचं उत्तर शोधताना जे सापडलं ते आज सांगते.

कागद चीनमध्ये झाला हे आपण शाळेत शिकलो. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्यानं झाडाची साल, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून कागद करायची रीत राजापुढे ठेवली, असं तिथली बखर सांगते. आठव्या शतकात ही विद्या समरकंदला पोचली, तिथून बगदादला, आणि मग इराणमार्गे आपल्याकडे. आपला ‘कागद’ हा शब्दही फारसीतून आलेला. त्याआधी आपण ताडपत्रावर, भूर्जपत्रावर आणि ताम्रपटावर लिहीत होतो.

दख्खनमध्ये कागदाचं नाव निघालं की पहिलं गाव येतं दौलताबाद. तुमच्यापैकी बरेच जण देवगिरीचा किल्ला पाहून पुढे खुलताबाद आणि वेरूळला गेले असतील. त्या रस्त्यावर एक छोटं गाव लागतं, कागजीपुरा. गाडी थांबवत नाही कोणी. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्याच्याबरोबर कारागीर आले, त्यांत कागद करणारे होते, आणि ते या गावी स्थिरावले, अशी परंपरा तिथे सांगतात. राजधानी परत गेली, कागद करणारे राहिले. पुढे दौलताबादी कागद हा दख्खनच्या दफ्तरांतला नावाजलेला कागद झाला. आणखीही गावं होती. खानदेशात एरंडोल होतं. आणि पुणे प्रांतात होतं जुन्नर.

जुन्नर म्हटलं की आपल्याला शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो. पण मराठेशाहीच्या काळात लिहिणाऱ्या माणसाला जुन्नर म्हणजे जुन्नरी कागद. हे काम करणारे बहुतेक मुसलमान कारागीर होते. त्यांना कागदी म्हणत, आणि ते आडनावही झालं. गावातून कुकडी नदी वाहते. कागदाला वाहतं पाणी भरपूर लागतं, म्हणून कागद्यांची वस्ती नदीच्या आसपासच असायची. पुण्यातही कसबा पेठेत, मुठेच्या काठाजवळ कागदीपुरा आहे. पेशवाईत पुण्याच्या दफ्तराला कागदाची गरज वाढली, तेव्हा जुन्नरचे कागदी इथे आले, असं सांगतात. आज कसब्यातून जाताना ते नाव फक्त पत्त्यात उरलंय.

आता हा कागद व्हायचा कसा, ते नीट ऐका, कारण त्यातच आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

लाकूड त्यात नव्हतंच. कच्चा माल म्हणजे टाकून दिलेल्या वस्तू. तागाची फाटकी गोणपाटं, जुने दोर, जाळी, चिंध्या. त्यांचे बारीक तुकडे करायचे. चुन्याच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजत ठेवायचे. मग पायानं दाबायच्या लाकडी उखळात कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा धुणं. असं कित्येक वेळा केलं की दोराचा दोरपणा जातो आणि नुसते तंतू उरतात. हा लगदा पाण्यानं भरलेल्या हौदात सोडायचा.

हौदाच्या काठाशी कागदी बसायचा. त्याच्या हातात लाकडी चौकट, आणि चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची पडदी. त्या काड्या घोड्याच्या केसांनी एकमेकींना बांधलेल्या असायच्या. चौकट पाण्यात तिरकी बुडवायची, आडवी करून वर उचलायची, हलकासा हिसका द्यायचा. पाणी खाली गळतं, तंतू एकमेकांत गुंततात, आणि पडदीवर साईसारखा पातळ थर बसतो. तो एक कागद. किती लगदा उचलायचा, हिसका किती द्यायचा, याला माप नव्हतं. मनगटाला कळायचं. सकाळचा पहिला कागद आणि संध्याकाळचा शेवटचा कागद एकाच जाडीचा आला पाहिजे, ही त्या माणसाची परीक्षा.

ओले कागद एकावर एक रचून, वर वजन ठेवून पाणी काढायचं. मग एकेक कागद सोडवून कुंच्यानं गिलाव्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवायचा. वाळला की खळ लावायची, आपण सुती साडीला लावतो तशीच. पुन्हा वाळवायचं. आणि शेवटी लाकडी पाटावर ठेवून गुळगुळीत दगडानं घोटायचं. घोटून घोटून कागदाला चमक यायची. म्हणून जुन्या मराठीत चांगल्या कागदाला ‘घोटीव कागद’ म्हणतात. घोटल्याशिवाय बोरू त्यावर पळत नाही, टोक तंतूंत अडकतं आणि शाई फुटते.

आत्याच्या घरी मी तो कागद खिडकीपाशी धरला. उजेडात बारीक समांतर रेघा दिसल्या, अगदी जवळजवळ. या त्या गवताच्या काड्यांच्या खुणा. त्यांना काटकोनात, थोड्या थोड्या अंतरावर दुसऱ्या पुसट रेघा. त्या घोड्याच्या केसांच्या. युरोपात तेराव्या शतकापासून कागद करणारे आपली निशाणी कागदातच उमटवत आले, तिला आपण जलचिन्ह म्हणतो. उत्तर पेशवाईत इंग्लंडहून कागद येऊ लागला, तेव्हा त्यावर व्हॉटमनसारख्या कारखानदारांची नावं उजेडात वाचता येत. आमच्या कागदावर आंबे वाटून घेणाऱ्या भावांची नावं आहेत, साक्षीदारांची आहेत, लिहिणाऱ्याचं आहे. कागद करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याच्या पडदीच्या रेघा तेवढ्या आहेत.

या कागदावर आपलं किती काही उभं आहे, ते आपल्या आडनावांकडे पाहिलं तरी कळतं. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस. यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. दफ्तरदार तर सरळच आहे. आपल्या मंडळाच्या यादीत यातली दोन-तीन आडनावं सहज सापडतील. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखनक्रियेनं केली आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा सरळ असाव्यात, बोरू कुठले आणावेत, असं सगळं तिथे आहे. त्यात एक सूचना फार व्यवहारी आहे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडा आणि मजकूर मध्ये लिहा. का, तर कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाऊ नये. आपण वहीत समास सोडतो तो शोभेसाठी नाही, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

लांब पत्र असलं की कागदाचे लांबट बंद एकाखाली एक चिकटवत जायचे. मजकूर संपला की राजपत्रावर शेवटी मर्यादेचा शिक्का, म्हणजे त्याखाली कोणी मागाहून काही घुसडू नये. मग ते सगळे कागद कापडात बांधून ठेवायचे. त्या बासनाला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक अजून पेशवे दफ्तर म्हणतात, असे हजारो रुमाल आहेत आणि त्यांत कोट्यवधी कागद. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. वि. का. राजवाड्यांनी त्याआधी, १८९८ पासून, गावोगाव फिरून घराघरांतली दफ्तरं गोळा केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली. अनेक घराण्यांचे कागद तोवर रद्दीत गेले होते. जे वाचले ते दोन कारणांनी. कोणीतरी ते सांभाळले, आणि ते कागद सांभाळण्याजोगे होते.

आता उलटी गोष्ट. राजवाड्यांच्या काळात छापलेली पुस्तकं आज ग्रंथालयात हातात घेऊन बघा. पानं तपकिरी, कडा तुटक्या, घडी घातली तर तिथेच तुकडा पडतो. मूळ कागद त्याहून दीडशे-दोनशे वर्षांनी जुना, आणि तो मऊ. जुनं जपायला म्हणून जे छापलं, तेच आधी म्हातारं झालं.

याचं कारण एकोणिसाव्या शतकात आहे. छापखाने वाढले, शाळा वाढल्या, वर्तमानपत्रं निघाली. चिंध्या पुरेनात. तेव्हा कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. लाकडात लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते उजेडानं आणि हवेनं पिवळं पडतं. शाई फुटू नये म्हणून खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरू लागले. तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं, आणि ते आम्ल वर्षानुवर्षं तंतू तोडत बसतं. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस पान मोडतं. हे कोडं नीट उलगडलं तेही या देशातच. व्हर्जिनियातल्या रिचमंडला विल्यम बॅरो नावाच्या कागद दुरुस्त करणाऱ्यानं १९५०च्या दशकात शेकडो जुन्या पुस्तकांची पानं तपासली आणि आम्ल हा मुख्य दोषी असल्याचं दाखवलं.

जुन्नरच्या कागद्याला रसायनशास्त्र माहीत नव्हतं. पण त्याचे तंतू लांब होते, लाकूड नव्हतं, तुरटी-राळ नव्हती, आणि वारंवार चुन्यात भिजवल्यामुळे चुन्याचा अंश कागदात राहून गेला होता. तो अंश आम्लाला मारतो. शाईसुद्धा काजळ आणि डिंकाची, ती कागदाला खात नाही. आत्यानं जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते हेच.

पण बाजारानं हे पाहिलं नाही. गिरणीचा कागद स्वस्त होता, एकसारखा होता आणि हवा तेवढा मिळत होता. विलायती कागद येत होताच, १८८५ साली पुण्यातच डेक्कन पेपर मिल्स कंपनी निघाली. स्वदेशी उद्योग म्हणून पुण्याला तिचं कौतुक होतं, आणि ते रास्तही होतं. कागद्यांच्या हौदाला मात्र विलायती गिरणी काय आणि देशी गिरणी काय, सारखीच. काही वर्षं व्यापारी आपल्या चोपड्यांसाठी हातकागद मागत राहिले, कारण हिशेबाची वही टिकायला हवी. मग तेही कमी झालं. मुलं दुसऱ्या कामाला लागली.

विझत आलेल्या या धंद्यात पुन्हा फुंकर घातली ती वर्ध्यानं. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. तेलघाणी, गूळ, मधमाश्या यांच्याबरोबर हातकागदही तिथे आला. के. बी. जोशी यांनी कागदाचा अभ्यास करून, खेड्यात करता येईल अशा रीतीनं ती कृती लिहून काढली आणि मगनवाडीनं ते पुस्तक छापलं. विचार करा, सहाशे वर्षं जी विद्या बापाकडून मुलाकडे हातानं गेली, ती आता कोणालाही वाचून शिकता येणार होती. १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. ज्या रस्त्यावर ती आहे त्याला आज के. बी. जोशी पथ म्हणतात.

तिथलं काम कसं चालतं? गोणपाटांच्या जागी सुती चिंध्या. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतून आणि शिंप्यांकडून उरलेली कात्रणं येतात. त्यांतली बटणं आणि कृत्रिम धाग्यांचे तुकडे वेचून काढायचे, हे पहिलं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. पायाच्या उखळाच्या जागी विजेवर चालणारं बीटर, ज्यात कात्रणं पाण्याबरोबर फिरत फिरत तंतू होतात. पुढे मात्र चौकट, हौद आणि दोन हात तेच. ओला कागद कापडावर उतरवून दाबयंत्राखाली ठेवतात, दोरीवर वाळवतात, खळ लावतात, आणि दगडाऐवजी रुळांच्या यंत्रातून काढून गुळगुळीत करतात. झाड तोडावं लागत नाही. चित्रकारांचा कागद, प्रमाणपत्रं, पत्रिका, पाकिटं, वह्या होतात. तुमच्यापैकी कोणी पुण्यात लग्नपत्रिका करून घेतली असेल, जाडसर, कडा थोड्या ओबडधोबड, मध्ये एखादी फुलाची पाकळी, तर हातकागद तुमच्या घरात आहेच. राजस्थानात सांगानेरला तर या कामाची राष्ट्रीय संस्थाच आहे, आणि तिला नाव दिलंय कुमारप्पांचं.

अमेरिकेचंही या गोष्टीशी जुनं नातं आहे. डार्ड हंटर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ जगभर हातकागद करणाऱ्यांना शोधत फिरला. १९३७ साली तो भारतात आला आणि १९३९ मध्ये भारतातल्या हातकागदावरचं त्याचं पुस्तक न्यूयॉर्कला निघालं. त्यात त्यानं आपल्याकडच्या कागदांचे खरे नमुने चिकटवले आहेत. त्यानं जमवलेला संग्रह आज अटलांटाला जॉर्जिया टेकच्या कागद संग्रहालयात आहे. त्या बाजूला गेलात तर मुलांना दाखवा. पुढे १९९९ मध्ये अलेक्झांड्रा सोटिरिउ या अमेरिकन कलावतीनं भारतातल्या कागदावर मोठा ग्रंथ लिहिला. आपण कागजीपुऱ्याला गाडी थांबवत नाही, आणि कोणी इतक्या लांबून येऊन तिथल्या हौदापाशी बसतं.

आणि इतकं लांबही जायला नको. खिशातली एक डॉलरची नोट काढा. ती लाकडाच्या कागदाची नाही. तिच्यात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन, म्हणजे जवसाच्या रोपाचा धागा. मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावी क्रेन कंपनी १८७९ पासून हा कागद करते आहे. पँटच्या खिशातून नोट धुण्याच्या यंत्रात जाते आणि तरी धड बाहेर येते, ती याच कारणानं. ज्या गोष्टीवर आपला विश्वास बसायलाच हवा, तिच्यासाठी हा देश अजून चिंधीचाच कागद वापरतो.

चँडलरच्या मुलांना तर कापूस वेगळा सांगायला नको. ॲरिझोनाचे पाच ‘सी’ शाळेत पाठ करून घेतात, त्यात कॉटन आहेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुडइयर टायर कंपनीला टायरसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता, म्हणून आपल्या गावाच्या दक्षिणेला, आज जिथे ओकोटिलोची घरं आणि तळी आहेत त्या भागात, हजारो एकरांवर तो लावला. तिथून थोडं पुढे सॅकॅटनला पिमा कापसाची जात तयार झाली. आज आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा उदरनिर्वाह सिलिकॉनवर चालतो, पण ही जमीन कापसाची आहे. लांब धाग्याचं महत्त्व जुन्नरच्या कागद्याला आणि इथल्या शेतकऱ्याला सारखंच ठाऊक होतं.

तर मंडळी, आता पुन्हा गॅरेजमध्ये या. आज कार्यक्रम संपल्यावर एक काम करा. तो खोका घरात आणा. कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलात तरी पुष्कळ. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की कागद अधिक वेगानं म्हातारा होतो. वर्तमानपत्राचं कात्रण आजीच्या फोटोला चिकटून ठेवू नका, त्याचं आम्ल फोटोत उतरतं. मध्ये आम्लमुक्त कागद घाला. तो इथे कलासाहित्याच्या दुकानात मिळतो. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी तिचा गोंद तपकिरी होतो आणि निघत नाही. जुन्या मोडी कागदावर ओलं फडकं तर मुळीच फिरवू नका, काजळाची शाई पाण्यानं पुसते.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या चुलतभावानं, चांगल्या हेतूनंच, त्या मोडी कागदांतला एक दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये बंद करून आणला. तापवलेलं प्लास्टिक तंतूंत शिरलं. आता तो कागद ना उजेडात बघता येत, ना सोडवता येत. दोनशे वर्षं ज्याला काही झालं नव्हतं, त्याला आम्ही पाच मिनिटांत कायमचं अडकवून टाकलं. कागद जपणारे तज्ज्ञ फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ लावतात, म्हणजे उद्या पाणी लावून काढता येईल. ही खळ जुन्नरच्या कागद्याला ओळखीची वाटली असती.

अजून एक. तुमच्या गावच्या घरी असे जुने कागद असतील, तर बॅगेत घालून इकडे आणू नका. भारतात १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित कागद पंचाहत्तर वर्षांहून जुने असतील तर ते देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांची जागा तिथेच आहे, मोडी वाचणारी माणसं जिथे आहेत तिथे. मी आमचे कागद आत्याकडेच ठेवून आले. लाल कापडात, वेखंडाचा तुकडा टाकून, पूर्वी होते तसेच. फोटो मात्र चांगल्या उजेडात, दोन्ही बाजूंनी काढले. पाठ कोरी दिसली तरी फोटो काढा, कित्येकदा तिथे एखादी नोंद असते.

इकडे आणली ती बाबांची वही. तिची पानं आता मी उलटत नाही. एकेक पान टिपून घेतलं आहे, आणि मूळ वही आम्लमुक्त डब्यात बंद आहे. ती किती वर्षं राहील? कागद नुसता जुना असून चालत नाही, तो करताना कोणी किती कष्ट घेतले यावर त्याचं आयुष्य ठरतं. बाबांच्या वहीच्या कागदावर कोणी तसे कष्ट घेतले नव्हते. त्याला इलाज नाही.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. तिला तो आंब्यांच्या वाटणीचा फोटो दाखवला. तिनं विचारलं, "आई, हे कोणी लिहिलं?" मी लिहिणाऱ्याचं नाव सांगितलं, ते कागदावर होतंच. मग तिनं मोठा करून त्या बारीक रेघा पाहिल्या आणि विचारलं, "आणि कागद कोणी केला?" मला नाव सांगता आलं नाही. म्हटलं, जुन्नरला कुकडीच्या काठी एक माणूस होता, त्याच्या चौकटीच्या या रेघा आहेत. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी वेरूळला जाणार आहोत. या वेळी वाटेत कागजीपुऱ्याला थांबायचं ठरलंय.

तुमच्याकडे असे कागद असतील, गावाकडच्या एखाद्या कागदी कुटुंबाची आठवण असेल, तर आम्हाला जरूर कळवा. ऐकायला आवडेल. आज इथेच थांबते. खोका आत आणायला विसरू नका. नमस्कार.